कवच आणि सोबत : मुलांना शिकवलेला देव

मराठी घरात लहान मुलाच्या भीतीवर पहिला इलाज होतो तो बहुधा एका वाक्याचा असतो : ‘देव आहे ना, मग कशाला घाबरतोस?’ हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यात दोन निरनिराळी आश्वासने मिसळली आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. देव तुला काही होऊ देणार नाही, हे एक. जे होईल त्याला तोंड देण्याचा धीर देव तुला देईल, हे दुसरे. पहिल्यात देव कवच असतो, दुसऱ्यात सोबत. आपल्या स्तोत्रांत, कथांत आणि बालवाङ्मयात ही दोन्ही आश्वासने कशी नांदतात आणि गेल्या काही दशकांत पहिल्याने दुसऱ्याला कसे मागे सारले, हे या लेखात पाहायचे आहे.

त्याआधी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या घरात रामरक्षा शिकवली जाते, त्याच घरात बागुलबुवाही असतो. जेवत नाहीस तर बुवा नेईल, खोटे बोललास तर देवबाप्पा रागावेल, अशा धमक्या देणारी आणि रात्री अंगारा लावणारी व्यक्ती अनेकदा एकच असते. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण आपण मुलाला ऐकवतो, पण त्या ब्रह्मराक्षसाची ओळख त्याला कोणी करून दिली, हे विचारत नाही. देव धीर देतो असे शिकवायचे, तर देव हेच भीतीचे एक कारण होऊ नये, एवढी तरी काळजी घ्यायला हवी. ती फारशी घेतली गेलेली नाही.

आता रामरक्षेकडे वळू. बुधकौशिक ऋषींच्या नावावर असलेले, अडतीस श्लोकांचे हे स्तोत्र रचनेने उघडच कवच आहे. मस्तकापासून पावलांपर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाकडे सोपवलेला आहे. पण ती नावे कोणत्या क्रमाने येतात ते पाहण्यासारखे आहे. कपाळाला दशरथाचा पुत्र राखतो, डोळ्यांना कौसल्येचा. कानांशी विश्वामित्राचा लाडका शिष्य आहे, नाकाशी यज्ञाचे रक्षण करणारा. दंडांपाशी शिवधनुष्य मोडणारा येतो, हातांपाशी सीतेचा पती, हृदयापाशी परशुरामाला जिंकणारा. कमरेला सुग्रीवाचा स्वामी, गुडघ्यांना सेतू बांधणारा, पोटऱ्यांना रावणाचा वध करणारा आणि पावलांना बिभीषणाला वैभव देणारा. मध्ये कंठाशी भरताचे नाव थोडे आधी येऊन जाते, तेवढे सोडले तर अख्खे रामायण डोक्यापासून पायापर्यंत उतरत जाते. अंथरुणावर पडलेल्या मुलाचे लक्ष कपाळावरून सावकाश पावलांकडे नेणारी ही रचना आहे. गुडघ्यापाशी सेतू का, याचे उत्तर शोधायला गेले की गोष्ट सुरू होते. भेदरलेल्या मुलाला स्वतःचे शरीर आठवून देणे, तेही कथेच्या क्रमाने, हा फार शहाणा उपाय आहे. मात्र अर्थ न सांगता नुसत्या शुद्ध उच्चारांवर भर दिला की यातले काहीच मुलापर्यंत पोचत नाही. मग उरते ती फक्त फलश्रुती, म्हणजे हमी.

याबाबतीत एक अस्सल साक्ष उपलब्ध आहे, आणि ती महाराष्ट्राबाहेरची असली तरी स्तोत्र तेच आहे. गांधीजींनी आत्मकथेत पोरबंदरच्या बालपणाविषयी लिहिले आहे. भुताखेतांची भीती वाटे म्हणून घरातल्या रंभा नावाच्या दाईने त्यांना रामनाम घ्यायला सांगितले. त्यांचा विश्वास त्या उपायापेक्षा रंभेवर अधिक होता, असे ते स्वच्छ सांगतात. पुढे एका चुलतभावाच्या पुढाकाराने ते रामरक्षाही शिकले आणि रोज सकाळी स्नानानंतर म्हणू लागले. पण राजकोटला गेल्यावर ती सुटली, कारण तिच्यावर फारशी श्रद्धा नव्हती. शुद्ध उच्चारांत म्हणता येते याचा अभिमान मात्र होता. भीती गेली का? नाही. हायस्कुलात असताना, लग्न झालेले असतानाही, चोर, भुते आणि साप यांच्या धास्तीने हा मुलगा दिव्याशिवाय झोपू शकत नसे. शेजारी निजलेल्या कस्तुरबांना अंधाराचे काहीच वाटत नसे, याची त्याला लाज वाटे. धीर हवा म्हणूनच तो एका धीट मित्राच्या नादाने मांसाहाराकडे वळला, आणि पहिल्या रात्री पोटात बकरा ओरडतो आहे असे वाटून तळमळत राहिला.

या कबुलीचे मोल मोठे आहे. स्तोत्र पाठ होते आणि भीतीही होती. दोन्ही एकाच मुलात सुखाने राहत होती. तरीही उतारवयात रामनाम हा आपला अमोघ उपाय आहे असे सांगताना त्यांनी श्रेय दिले ते रंभेने पेरलेल्या बीजाला. पाठांतराची शिकवणी सुटली आणि एका मोलकरणीच्या मायेतून आलेला शब्द मात्र टिकला. देवाचा धीर मुलाकडे येतो तो आधी माणसाच्या हातून येतो, हे यातून दिसते. आजचे मोबाइलवर लावून दिलेले स्तोत्र याच कारणाने दुबळे ठरते. त्यात उच्चार निर्दोष असतात, रंभा नसते.

समर्थ रामदासांकडे आलो की चित्र आणखी रोचक होते. भीमरूपी स्तोत्राच्या शेवटी भूतप्रेतांचा, रोगांचा आणि चिंतांचा नाश होईल असे आश्वासन आहेच, आणि घरोघरी ते भीतीवरचा उतारा म्हणूनच शिकवले गेले. पण स्तोत्राचा मोठा भाग वर्णनाचा आहे : पर्वत उचलणारा, मनाहून वेगवान, अणूएवढा असून ब्रह्मांडाएवढा होणारा देह. मुलाला तो मारुती आधी दिसतो आणि मगच काही देतो. मनाच्या श्लोकांत तर समर्थ सत्ताविसाव्या श्लोकापासून मनाला भित्रे म्हणून सरळ दटावतात आणि धीर धरायला सांगतात. त्यापुढच्या श्लोकांच्या शेवटी पुन्हा पुन्हा एकच ग्वाही येते, की राम आपल्या भक्ताची उपेक्षा करीत नाही. संकटात तो धावून येतो, काळही त्याच्यापुढे कापतो, असेही समर्थ म्हणतात. कवचाची भाषा त्यांना वर्ज्य नाही. पण धृपदासारखी घोळत राहते ती उपेक्षा न करण्याची ग्वाही, म्हणजे सोबतीची. याच ओघात आणखी एक कल्पना येते, जिच्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. देव सदैव जवळच आहे, आणि तो कृपाळूपणाने माणसाचे थोडेसे धारिष्ट्य पाहतो, असे समर्थ सांगतात. म्हणजे देव धीर देतो एवढ्यावर ते थांबत नाहीत, चिमूटभर धीर तो मागतोही. मुलाने अंधाऱ्या माजघराच्या उंबऱ्यापर्यंत तरी यायचे, पुढे सोबत आहे.

समर्थांनी हे नुसते सांगितले नाही, त्याची जागाही केली. कृष्णाखोऱ्यात आणि आसपास त्यांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी दोन एकट्या चाफळला आहेत. रामापुढे हात जोडून उभा आहे तो दास मारुती. देवळामागे आहे तो प्रताप मारुती. नमणारा आणि झेपावणारा एकाच आवारात. पुढे गावोगावच्या तालमींत मारुती आला तो याच वाटेने. पहाटे काळोखात तालमीत जाणाऱ्या पोराला तो शेंदरी देव तुझ्याऐवजी मी लढतो असे कधी म्हणाला नाही. त्याच्यासमोर जोर-बैठका स्वतःच काढाव्या लागत.

प्रल्हादाची कथा मात्र जपून सांगायला हवी. हत्ती, साप, अग्नी यांतून सुखरूप सुटणारा मुलगा हे कवचाचे टोकाचे उदाहरण आहे, आणि ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण तिच्याशी जोडून सांगितली की मुलाचा हिशोब चुकतो. भागवताच्या सातव्या स्कंधातला कळस वेगळाच आहे. हिरण्यकशिपू मेल्यावरही नृसिंहाचा क्रोध शमत नाही. देव दूर उभे राहतात, प्रत्यक्ष लक्ष्मीही पुढे होण्यास धजत नाही. तेव्हा ब्रह्मदेव त्या लहान मुलाला पुढे पाठवतो आणि तो जातो. मला तुझ्या या रूपाचे भय वाटत नाही, भय वाटते ते संसारचक्राचे, असे तो नृसिंहाला सांगतो. एका भीतीची जागा दुसऱ्या, अधिक खऱ्या भीतीने घेतली आहे. बालआवृत्त्या खांब फुटला की संपतात आणि कथेतला खरा धीट क्षण गाळून टाकतात.

हीच काटछाट पडद्यावर पुरी झाली. २००५च्या ‘हनुमान’ या अॅनिमेशनपटानंतर बालदेवांची रांग लागली. त्यांत गंमत आहे आणि मुलांना ती आवडली, याबद्दल तक्रार नाही. पण या देवाला मुलाकडून काहीच नको असते. तो येतो, गदा फिरवतो, खलनायक आकाशात भिरकावला जातो. मूल प्रेक्षक होते. समर्थांनी मागितलेले थोडेसे धारिष्ट्य इथे कोणी मागत नाही.

याने काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते पहिल्या आघाताला. आजी बरी व्हावी म्हणून मुलाने रोज स्तोत्र म्हटले आणि आजी गेली, तर कवचाच्या शिकवणुकीपाशी दोनच उत्तरे उरतात : देव खोटा, किंवा तुझे म्हणणे कमी पडले. दुसरे उत्तर अधिक क्रूर आहे आणि मुले पुष्कळदा तेच निवडतात, कुणाला न सांगता. सोबतीच्या शिकवणुकीला या प्रसंगीही काही बोलता येते. वसई किंवा नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतून स्तोत्रसंहितेतले तेविसावे स्तोत्र मुलांना शिकवले जाते. मृत्यूच्या छायेची दरी त्यात टळत नाही; तिच्यातून चालताना मेंढपाळ बरोबर असतो, एवढेच ते सांगते. बुद्धिवादी मंडळी यावर भूत नसतेच, असे सांगून मोकळी होतात. ते खरे आहे आणि सांगितलेच पाहिजे. पण रात्री दोन वाजता मुलाला पुरावा नको असतो, शेजारी कोणीतरी हवे असते.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात, श्यामच्या पोहण्याचे प्रकरण आहे. देवभक्त आई, देवभक्त मुलगा. पण विहिरीच्या भीतीने तो लपून बसतो तेव्हा आई हाती शिंपटी घेते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये हा तिचा आग्रह. तिची मारण्याची रीत आज कोणी उचलू नये. पण धीर पाण्यात उतरूनच येतो आणि उतरेपर्यंत पाठीशी कोणी खंबीर लागते, हे तिने ओळखले होते.

शेवटी मारुतीचीच गोष्ट. किष्किंधाकांडाच्या अखेरीस वानर समुद्रकाठी बसले आहेत. कोण किती योजने उडेल याची मोजदाद चालली आहे. पलीकडे जाईन, पण परत येईन याची खात्री नाही, असे अंगद म्हणतो. हनुमान एका बाजूला गप्प आहे. ऋषींच्या शापाने त्याला आपले बळ विसरले होते, हा खुलासा उत्तरकांडातला. इथे वाल्मीकी कारण देत नाहीत. म्हातारा जांबवान त्याच्याजवळ जातो आणि त्याला त्याच्याच लहानपणची, सूर्याकडे घेतलेल्या झेपेची गोष्ट सांगतो. मंत्र देत नाही, वर देत नाही. ते ऐकता ऐकता हनुमान वाढू लागतो. मात्र सुंदरकांडात, लंका पालथी घालूनही सीता सापडत नाही तेव्हा हाच हनुमान खचतो. रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा मेलेले बरे, इथपर्यंत त्याचे मन जाते. मग तो स्वतःला सावरतो, राम-लक्ष्मणांना, सीतेला आणि देवांना नमस्कार करतो आणि न पाहिलेल्या अशोकवनाकडे निघतो. मुलांसाठीच्या रामायणांत ही पाने बहुतेक वेळा नसतात.