अनुद्धार्य खलपुरुष : इयागोच्या निमित्ताने एक निकषविचार

१

कथात्म वाङ्मयातील दुष्ट पात्रांची प्रतवारी लावण्याची हौस वाचकाला फार जुनी आहे. अलीकडे कादंबऱ्या, चित्रपट आणि चित्रकथा यांच्या चाहत्यांत तिला जवळजवळ न्यायदानाचे रूप आले आहे. अमुक खलपुरुष नुसता दुष्ट आहे की सर्वथा अनुद्धार्य आहे, असा प्रश्न मांडला जातो, दोन्ही बाजूंनी कथेतील पुरावे पुढे केले जातात आणि अखेर बहुमताने निर्णय होतो. विद्यापीठीय समीक्षेने या वादाला पोरखेळ म्हणून बाजूला सारावे, असे प्रथमदर्शनी वाटणे साहजिक आहे. तथापि या वादात वापरले जाणारे निकष पाहिले म्हणजे ते विचारांती बनविलेले आहेत आणि त्यांच्या मुळाशी वाङ्मयसमीक्षेचाच एक अनिर्णित प्रश्न आहे, हे ध्यानात येते.

हे निकष सामान्यतः चार आहेत. पहिला, पात्राची कृत्ये त्या कलाकृतीच्या स्वतःच्या जगात असाधारण भीषण असली पाहिजेत. जेथे सर्वच पात्रे खुनी आहेत तेथे एक खून पुरेसा होत नाही. दुसरा, त्या कृत्यांना सहानुभूती उत्पन्न करील असे कारण असता कामा नये. तिसरा, त्या पात्राच्या ठिकाणी कोणाविषयीही खरे प्रेम, निष्ठा किंवा पश्चात्ताप दिसता कामा नये. चौथा, बरेवाईट ओळखून निवड करण्याची शक्ती त्याला असली पाहिजे. वेडा मनुष्य, पशू किंवा यंत्र यांना दुष्ट म्हणता येत नाही.

या निकषांची चाळणी शेक्सपिअरच्या खलपुरुषांना लावून पाहिल्यास निष्कर्ष मोठे उद्बोधक निघतात. 'टायटस ॲन्ड्रॉनिकस' मधील ॲरनची कृत्ये अंगावर काटा आणणारी आहेत. लॅव्हिनियावरील अत्याचाराचा बेत त्यानेच सुचविलेला असतो. टायटसच्या मुलांचे प्राण वाचतील अशी खोटी आशा लावून तो त्याचा हात तोडवितो. आणि मरणाच्या दारात उभा असताना, आणखी दुष्कृत्ये करता आली नाहीत एवढीच खंत बोलून दाखवितो. परंतु त्याच्या नवजात मुलाला ठार मारण्याची आज्ञा येते तेव्हा हाच मनुष्य त्या पोराच्या रक्षणासाठी तलवार उपसतो आणि पुढे त्याच्या जीवदानाच्या बदल्यात आपल्या सर्व अपराधांचा कबुलीजबाब देतो. तिसऱ्या निकषाने ॲरन सुटला. 'किंग लिअर' मधील एडमंड मरता मरता लिअर व कॉर्डिलिया यांच्या वधाची आज्ञा मागे घेण्याची धडपड करतो; ती कॉर्डिलियाच्या बाबतीत निष्फळ ठरते, पण धडपड खरी असते. क्लॉडियस गुडघे टेकून प्रार्थनेचा प्रयत्न करतो आणि ज्या राज्यासाठी व राणीसाठी पाप केले ती सोडवत नसल्यामुळे ती प्रार्थना पोकळ आहे, हेही त्याला कळते. तिसऱ्या रिचर्डलासुद्धा बॉस्वर्थच्या लढाईच्या आदल्या रात्री त्याची सदसद्विवेकबुद्धी झोपू देत नाही. एकेक जण असा गळत गेल्यावर चाळणीत उरतो तो 'ऑथेल्लो' मधील इयागो.

येथेच एक शंका उत्पन्न होते. ॲरनचे पुत्रप्रेम त्याला तारते असे म्हणावे, तर त्याच प्रेमापायी, मुलाच्या जन्माचे रहस्य फुटू नये म्हणून, तो दाईचा खून करतो. अर्थात हा निकष पात्राचा चांगुलपणा मोजत नाही. त्याला जगाशी बांधणारा एखादा धागा आहे की नाही, एवढेच तो पाहतो. मग हा धागा पात्राच्या ठिकाणी मुळातच नसतो, की नाटककार तो हेतुतः काढून घेतो?

२

इयागोच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास असाधारण चांगले साधन उपलब्ध आहे. ऑथेल्लोची कथा शेक्सपिअरने चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहातून घेतली. 'ऑथेल्लो' चा प्रयोग इंग्लंडच्या राजदरबारात १६०४ च्या नोव्हेंबरमध्ये झाला. या दोन कृतींच्या मध्ये खलपुरुषाचे जे रूपांतर घडले ते पाहण्यासारखे आहे.

चिंथिओच्या कथेतील निशाणदार डिस्डिमोनावर आसक्त होतो. तिच्याकडून प्रतिसाद मिळत नाही, तेव्हा ती दुसऱ्या एका अधिकाऱ्यावर अनुरक्त असावी असा ग्रह तो करून घेतो आणि त्याच्या प्रेमाचे द्वेषात परिवर्तन होते. कारण स्पष्ट आहे आणि मनुष्यस्वभावाला परिचित आहे. शिवाय या निशाणदाराला तीन वर्षांची एक मुलगी आहे. डिस्डिमोनाचा तिच्यावर जीव आहे. ती पोरीला उचलून घेते तेव्हा तो तिच्या कमरेचा रुमाल हळूच काढून घेतो. कथेच्या अखेरीस वाळूने भरलेल्या मोज्याने डिस्डिमोनावर प्रहार करणाराही हाच निशाणदार आहे. मूर त्या वेळी तेथे उपस्थित असतो.

शेक्सपिअरने यातील काय ठेवले आणि काय गाळले? त्याने ती मुलगी गाळली. रुमाल डेस्डिमोनाच्या हातून नकळत खाली पडतो आणि तो इयागोच्या बायकोला, एमिलियाला, सापडतो. प्रेमभंगाचे ठसठशीत कारण त्याने इतके पुसट केले की एका स्वगतातील ओझरत्या उल्लेखापलीकडे त्याचा मागमूस उरत नाही. आणि डेस्डिमोनाचा प्राण घेणारा हात त्याने ऑथेल्लोचा केला. इयागो रॉडेरिगोला व एमिलियाला स्वतः मारतो हे खरे. परंतु कथेच्या केंद्रस्थानी असलेल्या हत्येपुरता तो मूळ कथेतील निशाणदारापेक्षा कमी रक्तलांछित आहे. असे असूनही तो निशाणदार एक नीच मनुष्य म्हणून विस्मृतीत जातो, आणि इयागो मात्र दुष्टतेचे उपमान होऊन बसतो. पात्राचा काळेपणा कृत्यांच्या राशीवर अवलंबून असता तर हे घडले नसते. तो येथे वजाबाकीने निर्माण झाला आहे : मूल वजा, प्रेम वजा, कारण वजा.

३

कारण वजा, हे विधान थोडे तपासून घेतले पाहिजे. कारण इयागो मूक नाही, आणि कारणे सांगण्यात तर तो मुळीच कृपण नाही. कॅसिओला मिळालेली बढती त्याला सलते. ऑथेल्लोने आपल्या बायकोशी संबंध ठेवले असा प्रवाद तो सांगतो आणि तो खरा आहे की नाही याची फिकीर नसल्याचेही सांगतो. पुढे तोच संशय तो कॅसिओवर घेतो. पाचव्या अंकात तर कॅसिओच्या जीवनातील सौंदर्यामुळे आपण कुरूप दिसतो, असे एक निराळेच कारण तो देतो. ही कारणे एकमेकांना बळ देत नाहीत. प्रत्येक नवे कारण आधीच्या कारणावरील विश्वास कमी करते. कोलरिजला यात निष्कारण द्वेषाने स्वतःसाठी चालविलेला निमित्तांचा शोध दिसला. उलट ब्रॅडलीने १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात इयागोला मनुष्यकोटीत परत आणण्याचा यत्न केला आणि दुखावलेली श्रेष्ठत्वाची भावना व कारस्थानातील कारागिराचा आनंद यांत त्याचे मूळ शोधले. दोघांनाही नाटकात आधार सापडतो, ही गोष्ट कोणा एकाच्या चुकीपेक्षा नाटकाच्या रचनेवर अधिक प्रकाश टाकते.

हीच युक्ती आजच्या लोकप्रिय कलेतही आढळते. २००८ च्या 'द डार्क नाइट' या चित्रपटातील जोकर आपल्या चेहऱ्यावरील व्रणांच्या दोन परस्परविरुद्ध हकिकती सांगतो. दुसरी ऐकल्याबरोबर पहिलीही खोटी असावी असे प्रेक्षकाला वाटते आणि त्या पात्राला भूतकाळच उरत नाही. २०१९ च्या 'जोकर' या चित्रपटाने त्याच नावाच्या पात्राला आजार, दारिद्र्य आणि बालपणीचा छळ यांचा सविस्तर इतिहास दिला. परिणामी तो खुनी असूनही अनुद्धार्यांच्या पंक्तीत सहजी बसत नाही. दोन्हीकडे माणसे मारली जातात; फरक पडला तो पडद्यामागचे किती दाखविले यामुळे. तेव्हा 'हे पात्र अनुद्धार्य आहे' या वाक्यात पात्राच्या स्वभावाविषयी जेवढे विधान आहे, तेवढेच लेखकाने वाचकापासून काय राखून ठेवले याविषयीही आहे.

४

मराठी वाचकाला हा प्रश्न आणखी एका बाजूने भेटतो. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये 'ऑथेल्लो' मराठीत आणले आणि गोविंद बल्लाळ देवलांच्या 'झुंजारराव' (१८९०) या रूपांतराने ते रंगभूमीवर रुजविले. त्याच देवलांनी 'मृच्छकटिक' ही मराठी रंगभूमीला दिले. म्हणजे इयागोचा मराठी अवतार आणि शूद्रकाचा शकार हे एकाच लेखणीखालून गेलेले खलपुरुष आहेत.

शकाराला चारही निकष लावून पाहावेत. वश होत नाही म्हणून तो वसंतसेनेचा गळा आवळतो, ती मेली असे समजून त्या खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो आणि निरपराध्याला सुळावर चढविण्याची घाई करतो. प्रेम, निष्ठा, पश्चात्ताप यांपैकी काहीही त्याच्या ठिकाणी नाही. त्याचा मूर्खपणा हास्यास्पद असला तरी आपण काय करीत आहोत हे त्याला पुरते कळते. दहाव्या अंकात सत्य उघडकीस आल्यावर जमाव त्याचा प्राण घेऊ पाहतो, तेव्हा तो चारुदत्ताच्याच पायांशी शरण येतो, तोही केवळ जिवाच्या भीतीने. आणि चारुदत्त त्याला अभय देऊन सोडून देतो. शकार सुधारलेला नाही. त्याला क्षमा मिळाली आहे. क्षमा ही देणाऱ्याच्या थोरवीची गोष्ट आहे, घेणाऱ्याच्या पात्रतेची नव्हे.

पुराणांची भूमिका याहूनही पुढे जाते. शिशुपालाचा वध झाल्यावर त्याचे तेज कृष्णातच विलीन होते. जय व विजय या द्वारपालांच्या कथेनुसार तर हिरण्याक्ष व हिरण्यकशिपू, रावण व कुंभकर्ण, शिशुपाल व दंतवक्र हे तीन जन्मांपुरते खलपुरुष आहेत. जेथे अखेर सर्वांना परतण्याची वाट आहे, तेथे 'अनुद्धार्य' ही कोटीच सिद्ध होत नाही. यावरून हे निकष सार्वत्रिक नसून ज्या जगात ते लावले जातात त्या जगाच्या उद्धारविषयक कल्पनेवर अवलंबून आहेत, हे उघड होते. चाहत्यांच्या निकषांत उद्धार आणि क्षमा ही एकमेकांत मिसळलेली आहेत. शूद्रकाने ती वेगळी करून दाखविली.

५

मग इयागोला अनुद्धार्य म्हणणे निराधार आहे काय? तसे नाही, मात्र त्याचा आधार निराळ्या ठिकाणी आहे. अखेरच्या प्रवेशात कारस्थान उघडकीस आल्यावर ऑथेल्लो एकच प्रश्न विचारतो : हे का केलेस? यावर इयागो, यापुढे एक शब्दही बोलणार नाही, असे सांगतो. नाटकभर ज्याने शब्दांनीच सर्व काही साधले, तो शब्दच परत घेतो. त्याला यातना देण्याची आज्ञा होते. परंतु नाटकात त्याचे ओठ पुन्हा उघडत नाहीत.

या मौनाच्या अगोदर, त्याच खोलीत, एमिलिया बोललेली असते. ती निर्दोष नव्हे. रुमाल तिनेच नवऱ्याच्या हाती दिला, आणि डेस्डिमोना तो शोधीत असताना आपल्याला ठाऊक नाही असे खोटे सांगितले. आपल्या हातून काय घडले हे कळताच, नवरा गप्प राहण्याची धमकी देत असताना, ती सर्व सांगून टाकते आणि त्यासाठी प्राण देते. एकाच घरातील या दोन व्यक्ती नाटककाराने शेजारी शेजारी उभ्या केल्या आहेत. उद्धाराचा त्याने घातलेला अर्थ या जोडीत आहे. कोणाच्या मनात किती प्रेम शिल्लक आहे याचा हिशेब तो मांडत नाही. विचारल्यावर उत्तर देण्यास कोण उभे राहते, एवढेच तो पाहतो. इयागो अनुद्धार्य ठरतो तो उत्तरदायित्व नाकारल्यामुळे, आणि ते नाकारणे ही त्याने पूर्ण शुद्धीवर केलेली निवड आहे. चार निकषांपैकी चौथाच येथे निर्णायक ठरतो.

हा भेद शब्दच्छलाचा नाही. सर्व काळोख एका पात्राच्या अंगी असल्याचे एकदा जाहीर केले की उरलेले सर्वजण आपोआप उजेडात येतात. इयागो राक्षस ठरला म्हणजे जावई कृष्णवर्णीय आहे म्हणून जादूटोण्याचा आरोप करणारा ब्रॅबॅन्शिओ हा केवळ दुःखी पिता उरतो; ऑथेल्लोच्या शौर्याचा उपयोग करून घेणारे आणि त्याच्या वर्णाला नावे ठेवणारे व्हेनिस सुसंस्कृत ठरते; आणि बायकोला एकदाही मोकळेपणाने न विचारता मारणारा ऑथेल्लो हा निव्वळ फसविला गेलेला मनुष्य होतो. इयागोने संशय अवकाशातून आणला नाही. डेस्डिमोनाने बापाला फसविले, ती तुलाही फसवील, हे बीज ब्रॅबॅन्शिओने पहिल्याच अंकात टाकून ठेवलेले असते. इयागो ते नुसते वाढवितो. ज्याला सर्वजण प्रामाणिक म्हणतात त्याचीच विषारी वाणी सर्वांना पटावी, याला श्रोतेही जबाबदार आहेत.

चाहत्यांच्या वादात जी नैतिक तळमळ आहे ती खरी आहे. प्रत्येक क्रौर्यामागे एखादी करुण पूर्वकथा उभी करून ते सौम्य करण्याच्या रूढीला त्यांनी चार निकषांनी विरोध केला, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. समजून घेणे आणि समर्थन करणे या भिन्न क्रिया होत. परंतु दोषाची वाटणी करण्याचे साधन म्हणून हे निकष वापरले गेले, तर कलाकृतीने ज्या दोषांकडे बोट दाखविले तेच नजरेआड होतात. म्हणून खलपुरुषाच्या अभ्यासकाने 'तो किती दुष्ट आहे' या प्रश्नापाशी थांबू नये. लेखकाने त्याच्यापासून काय काढून घेतले, आणि त्याला इतके यश मिळावे अशी कोणती भूमी इतर पात्रांनी तयार ठेवली होती, हे दोन प्रश्न त्याने पुढे विचारले पाहिजेत. इयागो गप्प राहिल्यामुळे 'का' या प्रश्नाचे उत्तर देण्याचे ओझे रंगमंचावर उरलेल्यांवर आणि प्रेक्षकांवर येऊन पडते. त्याला अनुद्धार्य ठरविल्याने ते हलके होत नाही.