लॅटिन मुळे आणि गिरणगावातील शब्दार्थ

इंग्रजी शब्दसंपत्ती वाढावी म्हणून लॅटिन मुळांची कोष्टके पाठ करविण्याची पद्धत जुनी आहे. मूळ कळले की अर्थ कळला, हे तिचे गृहीतकृत्य. वैद्यकाच्या परिभाषेपुरते ते बव्हंशी खरे ठरते. ‘सबक्युटेनियस’ हा शब्द ‘सुब’ (खाली) आणि ‘कुटिस’ (त्वचा) यांपासून हेतुपुरस्सर घडविलेला असल्याने परळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यास तो सहज उकलतो. परंतु त्याच परळ-लालबागच्या गिरण्यांत रुळलेल्या शब्दांना ही कसोटी लावली, की तिचे उणेपण दिसू लागते.

मराठी ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला आणि इंग्रजी ‘पे’ फ्रेंचांकडून. दोहोंचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. घेणेकऱ्याला शांत करणे या अर्थावरून तो पैसे चुकते करण्यावर आला. व्युत्पत्ती मनोरंजक खरी. पण पगार म्हणजे काय, हे तीवरून कोणास कळणार नाही.

‘बोनस’ची गोष्ट याहून गंभीर आहे. ‘बोनुस’ म्हणजे चांगला. (वस्तूविषयी बोलावयाचे तर नपुंसकलिंगी ‘बोनुम’ हवे होते, लंडनच्या शेअरबाजारातील लॅटिनकडून एवढी अपेक्षा करणे व्यर्थ.) काही वर्षे मिळत आलेला बोनस १९२३ सालासाठी देण्याचे मुंबईच्या गिरणीमालकांनी नाकारले आणि १९२४ च्या आरंभी मोठा संप झाला. न्या. मॅक्लाऊड यांच्या चौकशी समितीने, बोनसवर कामगारांचा अंमलात आणता येईल असा हक्क नाही, असा निष्कर्ष काढला. शब्द तोच, अर्थ मात्र मालकाच्या मर्जीचा. पुढे १९५० साली गिरणीमालक संघ व राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात श्रमिक अपील न्यायाधिकरणाने बोनस हे ‘एक्स ग्रेशिया’, म्हणजे कृपेने दिलेले, देणे मानण्याचे नाकारले. १९६५ च्या कायद्याने तर किमान बोनसाचे प्रमाणच ठरवून दिले. एकेचाळीस वर्षांत अर्थ बक्षिसाकडून हक्काकडे गेला. मूळ जागचे हलले नाही.

‘ग्रॅच्युइटी’ही त्याच ‘ग्राटिया’च्या कुळातली, म्हणजे कृपेच्या. इंग्रजीत तिचा एक अर्थ सेवकाला खुशीने दिलेली चिरीमिरी असाही आहे. १९७२ च्या कायद्याने मात्र सामान्यतः सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर तिच्यावर कामगाराचा हक्क प्रस्थापित केला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा कामगारांच्या तोंडी ‘थकलेली ग्रॅच्युइटी’ हा प्रयोग आला. कृपा थकत नाही, देणे थकते. या एका विशेषणात शब्दाचा खरा अर्थ जितका सापडतो, तितका कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.

कोष्टक अशा ठिकाणी अपुरे तर पडतेच, शिवाय ते मालकाच्या बाजूने साक्ष देते. केवळ मुळांच्या आधारे १९५० चा तो निवाडा वाचू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास वादातील एकाच पक्षाचा अर्थ हाती लागेल, आणि तोही हरलेल्या पक्षाचा.