'शेजवान'मध्ये तिरफळ का नाही?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "व्याख्यानमालेत चायनीजच्या गाडीवर बोलणार तुम्ही? मग पुढच्या वेळी पाणीपुरी ठेवा." मी म्हटलं, ठेवू की! कुठल्याही शहराची खरी चव लग्नाच्या पंगतीत कळत नाही. घरी स्वयंपाक करायचा कंटाळा आलाय, खिशात बेताचेच पैसे आहेत आणि बरोबर मुलं आहेत, अशा संध्याकाळी ते शहर काय खातं त्यावरून ती कळते. गेली चाळीसेक वर्षं मुंबई आणि पुण्याचं त्या संध्याकाळचं उत्तर 'चायनीज' हे आहे. अलीकडे त्यात सुशी आणि रामेन यांचीही भर पडली आहे.

आता आपण या खाण्याबद्दल बोलतो कसं? दोनच वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "हे काही खरं चायनीज नाही हो." हे बहुधा एकदा सिंगापूरला जाऊन आलेला माणूस म्हणतो. दुसरं, "आम्हाला बुवा हेच आवडतं." दोन्ही वाक्यांनंतर बोलणं संपतं. ते पुढे कसं न्यायचं, हा माझा आजचा प्रयत्न आहे.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. खरं चायनीज म्हणजे काय? मंच्युरियनची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नेल्सन वाँग हे कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी. १९७५च्या सुमाराला मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात कुणीतरी 'काहीतरी वेगळं द्या' म्हणालं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली, म्हणजे आपली नेहमीची सुरुवात केली. पण पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं. त्यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट ही अशी. चीनच्या ईशान्येला मांचुरिया नावाचा प्रदेश आहे, पण त्याचा या पदार्थाशी नावापुरताही संबंध नाही. म्हणजे बरोबर बोलायचं तर नावापुरताच आहे!

आता जपानकडे बघा. तोक्योच्या कुठल्याही साध्या चिनी हॉटेलात 'एबी चिली' मिळते. कोळंबी, मिरची आणि त्यात चक्क टोमॅटो केचप. ती रुळवली चेन केनमिन या सिचुआनहून आलेल्या आचाऱ्यानं. त्यांनी १९५८मध्ये तोक्योत हॉटेल काढलं, आणि जपानी जिभेला सिचुआनचा तिखटपणा झेपेना म्हणून तो सौम्य केला. रामेन आज जपानची ओळख झालंय, पण त्याच्या शेवया मुळात चिनी. आणि ग्योझा, म्हणजे ते तव्यावर खालून खरपूस केलेले मोदकासारखे तुकडे, ते जपानमध्ये घरोघर पोचले दुसऱ्या महायुद्धानंतर. पोचवले कुणी? मांचुरियातून परतलेल्या जपानी लोकांनी. म्हणजे खऱ्या अर्थानं 'मंच्युरियन' काय असेल तर ग्योझा!

मुद्दा असा की चीनचं खाणं जिथे गेलं तिथे बदललं. तेव्हा 'हे खरं चायनीज नाही' ही टीका नसून नुसती माहिती आहे. उसळीला 'ही आमटी नाही' म्हणण्यासारखं. टीका सुरू होते त्यानंतर: बदललं ते कसं बदललं, आणि चांगलं झालं का?

इथे मी शेजवानवर येतो.

सिचुआन प्रांताच्या चवीत मिरचीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथली एक मिऱ्यासारखी फळं. त्यांना इंग्रजीत सिचुआन पेपर म्हणतात, पण मिरीशी त्यांचं नातं नाही. त्यांच्या सालीनं जीभ झिणझिणते, ओठ बधिर होतात. झणझणीत आणि झिणझिणीत, ही जोडी म्हणजे सिचुआन. आपल्या लालभडक शेजवान सॉसमध्ये सुकी मिरची असते, भरपूर लसूण असतो, तेल, व्हिनेगर, साखर असते. झिणझिण मात्र नसते. लोक म्हणतात, असणार कशी, ती फळं इथे कुठे मिळतात?

मिळतात! तुमच्यापैकी जे कोकणातले किंवा गोव्यातले आहेत, त्यांच्या घरच्या डब्यात आत्ता आहेत. तिरफळ. बांगड्याच्या आमटीतलं, उडदमेथीतलं तिरफळ. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तिरफळ आणि सिचुआनचं ते फळ एकाच कुळातले, एकाच प्रजातीगटातले चुलतभाऊ. आपण बी काढून टाकतो आणि साल वापरतो. तेही तेच करतात. वास वेगळा आहे, मान्य. पण जिभेवरची ती बारीक झिणझिण ओळखीची आहे.

मग मुंबईत, जिथे अर्धं कोकण राहतं, तिथे पन्नास वर्षांत एकाही गाडीवाल्याला शेजवानमध्ये तिरफळ घालावंसं का वाटलं नाही? निदान माझ्या खाण्यात तरी असा कुणी आला नाही. माझा तर्क असा आहे की तिरफळ हे घरचं, चुलीजवळचं, आजीच्या हातचं राहिलं. हॉटेलचं खाणं म्हणजे घरच्यापेक्षा वेगळं, अशी आपली समजूत. त्यामुळे हॉटेलच्या आचाऱ्यानं घरच्या डब्यात डोकावलंच नाही. चायनीजचं भारतीयीकरण झालं याबद्दल माझी तक्रार नाहीच. ते अर्ध्यावर थांबलं, ही माझी तक्रार आहे. ते 'भारतीय' झालं, पण सावंतवाडीचं, सांगलीचं किंवा नागपूरचं काही झालं नाही. आज सगळीकडे एकच लाल रंग, एकच बाटली. नेल्सन वाँग यांनी त्या दिवशी समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघून काहीतरी नवं केलं. आपण त्यांचा पदार्थ घेतला, बघण्याची ती रीत घेतली नाही.

आता अजिनोमोटोबद्दल दोन शब्द. कितीतरी हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर 'आम्ही अजिनोमोटो वापरत नाही' असं लिहिलेलं असतं. गंमत बघा, आपल्या चायनीज हॉटेलातली सगळ्यात जपानी गोष्ट तीच! किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १९०८मध्ये कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीतून ही चव वेगळी काढली, तिला 'उमामी' म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी 'अजिनोमोटो' बाजारात आलं. तिची बदनामी सुरू झाली १९६८मध्ये, अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रावरून. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, अशी तक्रार त्यात होती. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत, नेहमीच्या खाण्यातल्या प्रमाणात, तसं काही सातत्यानं दिसलं नाही. पण नाव खराब झालं ते झालंच.

आता तोच माणूस शेजारच्या जपानी हॉटेलात जातो आणि 'कोंबूच्या रसातली काय सुरेख उमामी आहे' म्हणतो. रसायन तेच, मंडळी. टोमॅटोत तेच, चीजमध्येही तेच. गाडीवर असलं की विष आणि मातीच्या सुबक वाडग्यात आलं की संस्कृती. याला चव म्हणत नाहीत, याला प्रतिष्ठा म्हणतात. समीक्षकानं निदान स्वतःच्या बाबतीत तरी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

सुशीचंही तसंच. आपल्याकडे ती उच्चभ्रू म्हणून आली. एका प्लेटीच्या पैशात गाडीवरच्या चार-पाच ट्रिपल शेजवान येतील. पण ज्या रूपात आपण सुशी ओळखतो, भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा, ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, रस्त्यावरच्या टपऱ्यांवर वाढली. घाईत असलेल्या माणसानं उभ्या उभ्या खायचा पदार्थ. आपल्या वडापावाचीच जात.

तेव्हा सुशीत पनीर घातलं, जैन सुशी केली, म्हणून मी नाक मुरडणार नाही. मी बघेन भात. सुशी म्हणजे मुळात भात. तो साधारण अंगाइतका कोमट हवा, शितं सुटी कळली पाहिजेत आणि तरी एकमेकांना धरून हवीत. घरी मागवलेली सुशी बहुतेक वेळा फ्रिजमधून येते. थंडीनं भात आतून कडक होतो, आपला शिळा भात सकाळी होतो तसा. मग तो कडकपणा झाकायला वरून तिखट मेयोनीज आणि कुरकुरीत चुरा. शिळ्या भाताचं काय करायचं हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे: फोडणी द्यायची. तो सातशे रुपयांना विकायचा नसतो. एका ठिकाणी तर, नाव घेत नाही, मिसो सूपला कॉर्नफ्लोअर लावून दाट केलं होतं. मी विचारलं तेव्हा वाढणारा मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, पातळ सूप लोक परत पाठवतात." दोष त्याचा नाही. आपला आहे.

त्या मुलावरूनच शेवटच्या मुद्द्याकडे येतो, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

हे खाणं आपल्याकडे आणलं ते कोलकात्याच्या चिनी वस्त्यांतल्या माणसांनी. १९६२च्या युद्धानंतर आपण चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार भारतवासीयांना राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांत म्हातारी माणसं होती, लहान मुलं होती. काहींचा मुक्काम काही वर्षांचा झाला. सुटल्यावर अनेकजण देश सोडून गेले. मुंबईत माझगावला एक लहानसं चिनी देऊळ अजून आहे. नव्या वर्षाला उरलेली कुटुंबं तिथे जमतात. म्हणजे ज्या काळात ती माणसं कमी होत गेली, त्याच काळात त्यांचं खाणं गल्लोगल्ली पोचलं. आज त्या कढईमागे बहुतेक वेळा नेपाळचा किंवा ईशान्य भारतातला मुलगा उभा असतो. आपण त्याला हाक काय मारतो? नाव विचारतो का कधी? की 'ए चायनीज'? मंच्युरियन आपलं म्हणायला आपल्याला दहा वर्षंही लागली नाहीत. माणूस आपला म्हणायला किती लागणार आहेत?



(यानंतर श्रोत्यांपैकी एका बाईंनी विचारलं: "हे सगळं पटलं. पण चांगलं ठिकाण ओळखायचं कसं?")

सोपं आहे, ताई. हाफ प्लेट साधा फ्राइड राइस मागवा. सॉस नको म्हणा. कढई तापलेली असेल आणि आचारी एका वेळी बेताचाच भात टाकत असेल, तर दाण्यादाण्याला किंचित धुरकट वास येतो. कँटनची माणसं त्याला कढईचा श्वास म्हणतात. कढई ठासून भरली की भात परतला जात नाही, वाफेवर नुसता गरम होतो. म्हणून गर्दीच्या मोठ्या हॉटेलापेक्षा मोठ्या आचेची गाडी पुष्कळदा जिंकते. आणि तुमच्या घरी तिरफळ असेल तर दोन दाणे पुडीत बांधून न्या. ठेचून शेजवानवर टाका आणि मला कळवा कसं लागलं ते. मात्र त्या मुलालाही एक घास द्या, आणि त्याचं नाव विचारा.