नाव, क्रियापद आणि ‘मी’ : पारलिंगी आत्मकथनांतील नामस्वीकाराचा प्रश्न

प्रस्तावना :

पारलिंगी व्यक्तींच्या आत्मकथनांची चर्चा करताना त्यांनी स्वीकारलेल्या नव्या नावाचा उल्लेख ‘पुनर्जन्म’ या शब्दाने करण्याची एक सवय आपल्या समीक्षेला जडली आहे. जुने नाव संपले, नवे नाव जन्मले, अशी ही मांडणी असते. प्रस्तुत लेखिकेने आपल्या एम.फिल.च्या प्रबंधिकेत हीच मांडणी केली होती. आज ती अपुरी वाटते. एका नावाच्या जागी दुसरे नाव आले एवढ्याने व्यक्तीचा लिंगभाव भाषेत प्रस्थापित होत नाही. नाव त्यातील किती भार उचलू शकते, हे ती भाषा लिंगाची नोंद कोठे करते यावर ठरते. मराठीत हा भार नावापेक्षा क्रियापदावर अधिक पडतो. काही आत्मकथनांच्या आधारे हे विधान तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

मराठी नावाची घडण :

मराठी माणसाचे नाव त्याचे एकट्याचे कधीच नसते. बारशाला आत्या कानात नाव सांगते, मागोमाग वडिलांचे नाव आणि आडनाव येते. मुलीच्या बाबतीत लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याची प्रथा अनेक घरांत पाळली गेली. म्हणजे प्रौढ वयात व्यक्तीचे नाव बदलणे आपल्या समाजाला मुळीच अपरिचित नाही; ते नाव दुसऱ्या कोणी दिलेले असावे, एवढीच अट होती. ‘नामांतर’ या शब्दाला तर मराठवाडा विद्यापीठाच्या संघर्षामुळे आणि १९९४ मधील नामविस्तारामुळे एक वेगळेच वजन आले आहे. नाव बदलण्याची मागणी ही प्रतिष्ठेची मागणी असते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावे लागू नये.

साहित्यव्यवहारात तर आपण याहून उदार आहोत. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहिली, माणिक गोडघाटे ‘ग्रेस’ झाले, आणि मराठी वाचकाने ती नावे प्रेमाने स्वीकारली. मात्र टोपणनावामागे घरचे नाव सुखरूप असते. शिधापत्रिकेवर, वेतनपत्रकावर ते तसेच राहते. पारलिंगी व्यक्तीला नेमके तेथेच नाव बदलायचे असते. म्हणून ‘लेखक नाही का टोपणनाव घेत?’ हा सहानुभूतीने केला जाणारा युक्तिवादही फार दूर नेत नाही.

‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ :

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे हे आत्मकथन २०१२ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. त्याचे शब्दांकन वैशाली रोडे यांचे आहे. पुनर्जन्माच्या कल्पनेला पहिला धक्का हे शीर्षकच देते. येथे जुने नाव टाकून बाहेरून नवे नाव आणलेले नाही. लक्ष्मीनारायण या नावात लक्ष्मी आधीपासून होतीच. मराठीत शोभून दिसणाऱ्या दांपत्याला ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ म्हणतात. येथे तो जोडा एकाच व्यक्तीच्या नावात नांदतो आहे. शीर्षकात त्यातील अर्धा भाग निवडलेला आहे आणि लेखक म्हणून मात्र पूर्ण नाव कायम आहे. वडिलांच्या घराचे ‘त्रिपाठी’ हे आडनावही तसेच आहे. निवड झाली आहे, त्याग झालेला नाही.

शीर्षकाची व्याकरणिक रचनाही पाहण्यासारखी आहे. ‘हिजडा’ हे आकारान्त पुल्लिंगी नाम, ‘लक्ष्मी’ हे स्त्रीलिंगी विशेषनाम. दोन्हींच्या आधी तोच ‘मी’. मराठीतील ‘मी’ला लिंग नसते, ते त्याला क्रियापद बहाल करते. आणि या शीर्षकात क्रियापदच नाही. समाजाने शिवीसारखा वापरलेला शब्द आणि देवीचे नाव यांना एका ‘मी’त शेजारी बसवायचे, तर मराठीत बहुधा याहून मोकळी जागा सापडली नसती. शीर्षकाच्या पुढे मात्र ही मोकळीक टिकत नाही. मराठीत ‘मी’ने आपली हकीकत सांगायची म्हटली की ‘गेलो’ की ‘गेले’, ‘जातो’ की ‘जाते’ हे ठरवावेच लागते. ‘मी जाईन’ असा भविष्यकाळ किंवा ‘मी पत्र लिहिले’ अशी रचना तेवढी सुटका करते. पण केवळ अशा रचनांवर आयुष्य सांगता येत नाही.

बंगाली आणि तमिळ उदाहरणे :

बंगालीत परिस्थिती वेगळी आहे. त्या भाषेत क्रियापदाला लिंग नाही, सर्वनामालाही नाही. साहजिकच सगळे ओझे नावावर येते. मानबी बंदोपाध्याय यांनी १९९५ मध्ये ‘अब-मानब’ हे नियतकालिक सुरू केले. ‘अब-मानब’ म्हणजे मनुष्यत्वाहून खालचा. पुढे ‘सोमनाथ’ हे नाव सोडून त्यांनी जे नाव घेतले ते ‘मानबी’, म्हणजे मानवी स्त्री. हे पूर्वीचे नाव त्यांनी स्वतः सांगितलेले आहे म्हणूनच येथे घेतले. एका देवाचे नाव ठेवून माणसाचे नाव घेतले गेले, आणि समाजाने नाकारलेला ‘मानब’ हा शब्द ‘अब’ हा उपसर्ग गाळून आणि स्त्रीप्रत्यय लावून परत मिळवला गेला. त्या २०१५ मध्ये कृष्णनगरच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या, ही बाब सर्वश्रुत आहे. लक्षात घ्यायचे ते असे की बंगालीत या ‘ई’काराला जे काम करावे लागते, ते मराठीत पानोपानी क्रियापदे करीत असतात.

तमिळमध्ये प्रथमपुरुषी क्रियापद लिंगनिरपेक्ष असते, तृतीयपुरुषी नसते. त्यामुळे ए. रेवती किंवा लिव्हिंग स्माईल विद्या यांना आपले बालपण ‘मी’च्या तोंडून सांगताना व्याकरण आडवे येत नाही, इतरांच्या तोंडच्या ‘तो’ आणि ‘ती’ला मात्र त्यांना सामोरे जावे लागते. कन्नडमध्येही तसेच आहे. विद्या यांच्या आत्मकथनावर बी. एस. लिंगदेवरू यांनी केलेल्या कन्नड चित्रपटाचे नाव ‘नानु अवनल्ल... अवळु’, म्हणजे ‘मी तो नव्हे... ती’, असे आहे. इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात असलेले विद्या हे नाव येथे दिसत नाही, त्याची जागा सर्वनामांनी घेतली आहे. भांडण कोठे आहे हे कन्नड शीर्षकाने अचूक ओळखले, असे म्हणावे लागेल.

समीक्षक, अध्यापक आणि अनुवादक :

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या खटल्यात लक्ष्मी त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. नाव बदलल्याची नोंद राजपत्रात होते. ‘आला’चे ‘आली’ होणे मात्र शेजारी, शिपाई, प्राध्यापक यांच्या जिभेवर अवलंबून राहते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने, हजेरीपटावरील नावानुसार तेव्हा मी ‘विद्यार्थ्याने’ असेच म्हणत असे, ‘माझे बालपण’ या विषयावर निबंध लिहिला. पहिल्या पानावर ‘मी खेळायचो’, तिसऱ्या पानापासून ‘मी खेळायचे’. मी लाल शाईने प्रत्येक ‘खेळायचे’भोवती वर्तुळ केले आणि शुद्धलेखनाचे गुण कापले. निबंध परत घेताना तिने काहीच विचारले नाही. पुढे तिने वर्गाला आपले नाव सांगितले तेव्हा कोठे मला त्या वर्तुळांचा अर्थ कळला. सुधारून दिलेल्या त्या चुका नव्हत्या.

समीक्षेतही अशी वर्तुळे आपण काढत असतो. लेखिकेच्या नावापुढे कंसात पूर्वीचे नाव छापण्याची रीत ही त्यांपैकीच एक. लेखिकेने ते नाव स्वतः सांगितले असेल आणि त्याखेरीज अर्थ लागत नसेल, तरच ते यावे. केवळ माहिती म्हणून ते देणे हे हजेरीपटाचे काम आहे, समीक्षेचे नव्हे.

याहून कठीण प्रश्न अनुवादकाचा आहे. तमिळमधील लिंगनिरपेक्ष ‘मी’ मराठीत आणताना विद्या किंवा रेवती यांच्या बालपणाला ‘गेलो’ लावावे की ‘गेले’? वयानुसार क्रियापद बदलत न्यावे, असे सुचवले जाऊ शकेल. त्यात नाट्य आहे, पण ते नाट्य मूळ संहितेत नाही. शिवाय तसे केल्याने पुनर्जन्माची तीच जुनी कल्पना व्याकरणाच्या मार्गाने परत येते. आत्मकथनातील ‘मी’ ही आज बोलणारी व्यक्ती असते. सात वर्षांची असताना नदीवर गेलेलीही तीच. म्हणून निवेदनात पहिल्या वाक्यापासून ‘गेले’ असावे आणि वडील, भाऊ, शिक्षक यांच्या संवादांत ‘कुठे गेला होतास?’ तसेच ठेवावे, असे माझे मत आहे. दोन ओळींमधील ही विसंगती वाचकाला खटकेल. ती दुरुस्त करण्याचा मोह मुद्रितशोधकाने टाळावा.