ब्रेलचा युनिकोड: ठिपके राहिले, अक्षर कुठे गेलं?



मागच्या सुट्टीत पांढरकवड्याला घरी होतो. वेळ होता म्हणून ब्रेलमधला मजकूर परत देवनागरीत आणणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहिलाच शब्द दिला 'आपणच'. उत्तर आलं 'आप३'! चूक माझीच होती. पण तिच्या मुळाशी गेलो तेव्हा जो प्रश्न सापडला, तो रिसर्चमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतोच.

आधी रचना समजून घेऊ. युनिकोडच्या ३.० या आवृत्तीत (१९९९) ब्रेलला २५६ जागा मिळाल्या. २५६ च का? ब्रेलच्या एका घरात मुळात सहा ठिपके असतात, संगणकावरच्या ब्रेलमध्ये खाली आणखी दोन. प्रत्येक ठिपका उठलेला असेल किंवा नसेल, म्हणून दोनाचा आठवा घात. पहिल्या ठिपक्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, अशी दुप्पट होत आठव्याची १२८. उठलेल्या ठिपक्यांची बेरीज करा, ती १०२४० मध्ये मिळवा, झाला कोड तयार. 'पांढरकवडा' मधला 'प' म्हणजे ठिपके १-२-३-४. बेरीज १५, कोड १०२५५. 'ढ' मध्ये सहाही ठिपके. बेरीज ६३, कोड १०३०३. तक्ता पाठ करायची गरजच नाही!

पण नीट बघा, या कोडमध्ये 'ढ' कुठेच नाही. आहेत ते फक्त सहा ठिपके. इंग्रजीच्या संक्षिप्त ब्रेलमध्ये तेच सहा ठिपके 'फॉर' हा शब्द होतात. आपल्या भारती ब्रेलमध्ये ३-४-५-६ म्हणजे 'ण', आणि आकड्याच्या आधी येणारी अंकखूणही तीच. १-४ म्हणजे 'च', आणि अंकखुणेनंतर आला तर तोच ३. माझ्या प्रोग्रॅमने 'णच' चे ३ केले ते असे. बोटांनी वाचणारा माणूस इथे अडखळत नाही. शब्दाच्या मध्ये 'ण' आणि शब्दाच्या सुरुवातीला अंकखूण, हे त्याला सवयीने कळतं. हे ज्ञान वाचकाकडे आहे, कोडमध्ये नाही.

मग युनिकोडचं चुकलं का? काहींना वाटेल, प्रत्येक भाषेच्या ब्रेल अक्षराला वेगळा कोड हवा होता. मला ते पटत नाही. तसं केलं तर एकाच आकृतीला मराठीचा एक, इंग्रजीचा दुसरा, गणिताचा तिसरा, संगीताचा चौथा कोड द्यावा लागला असता. छापणाऱ्या यंत्राला तर एवढंच हवं असतं की कोणते ठिपके उठवायचे. निर्णय बरोबरच आहे. माझी तक्रार आपल्यावर आहे: त्या निर्णयाची किंमत आपण विसरतो.

'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये सुरू झालं. उद्या कोणी मराठी ब्रेल मजकुराचा कॉर्पस करायला घेतला आणि हाती नुसते ठिपके आले, भाषा आणि नियमांची नोंदच नसली, तर 'ण' किती आणि आकडे किती हे मोजतानाच घोळ होईल. आणि अंध विद्यार्थ्याला आपण नोट्स नुसत्या ठिपक्यांच्या कोडमध्ये पाठवल्या, तर आवाजात वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यातला मराठी शब्द कळणार कसा?

म्हणून माझं मत सरळ आहे. मूळ मजकूर देवनागरीतच जपा. ब्रेल हे त्यातून काढलेलं आउटपुट माना. लिबलुई हे मुक्त सॉफ्टवेअर हे काम करतं. त्याचा कोणता तक्ता आणि कोणती आवृत्ती वापरली, तेवढं फाइलसोबत लिहून ठेवा. फक्त ठिपकेच हाती असतील, तर आधी भाषा विचारा, मग मोजायला बसा.

हे फक्त ब्रेलपुरतं नाही. तुमच्या एक्सेल शीटमधला ० म्हणजे खरंच शून्य, की त्या दिवशी रीडिंगच घेतलं नव्हतं? पाच वर्षांनी ते सांगायला तुम्ही लॅबमध्ये नसाल. आजच बाजूच्या रकान्यात लिहून ठेवा.