‘जाळते’ या क्रियापदाविषयी

दारुहळदीविषयीच्या मराठी लेखनात ‘ही वनस्पती यकृतातील चरबी जाळते’ या धर्तीचे विधान वारंवार आढळते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. शास्त्रदृष्ट्या मात्र कर्ता, कर्म व क्रियापद या तिन्ही ठिकाणी काहीतरी निसटले आहे.

प्रयोगात वापरलेले असते ते बर्बेरीन, म्हणजे दारुहळदीतून वेगळे काढलेले पिवळे अल्कलॉइड, वनस्पती नव्हे. कर्माची गतही तीच. ‘यकृत’ म्हणून ज्याचा निर्देश होतो तो पुष्कळदा हेप-जी-२ या पेशीवंशाचा पात्रात वाढविलेला थर असतो. या पेशी यकृताच्या अर्बुदातून निघालेल्या. त्या अर्बुदाचे नावही वर्षानुवर्षे चुकीचे लिहिले जात होते, ते हेपॅटोब्लास्टोमा असल्याचे २००९ मध्ये दाखविण्यात आले. (नामकरणातील प्रमाद ही केवळ मराठीची मिरासदारी नव्हे!)

खरा घोटाळा क्रियापदात आहे. पेशीतील मेद घटतो तो नवा मेद कमी तयार झाल्याने, असलेल्या मेदाम्लांचे ज्वलन वाढल्याने, मेद बाहेर पडल्याने, अथवा बाहेरून आत येणेच कमी झाल्याने. ऑइल रेड ओ या रंगाने रंगविलेले थेंब मोजले असता उरलेला साठा कळतो. तो कोणत्या वाटेने घटला हे कळत नाही. बर्बेरीन तंतुकणिकांतील श्वसनसाखळीच्या पहिल्याच संकुलाला अडथळा करते. त्यामुळे ऊर्जेची चणचण होऊन एएमपीके हे विकर कार्यप्रवृत्त होते व ते अ‍ॅसिटिल-कोए कार्बॉक्सिलेज या विकराला आवर घालते. मॅलोनिल-कोए घटते, मेदाची नवनिर्मिती मंदावते, आणि मेदाम्लांना तंतुकणिकांत शिरण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे ज्वलन ही या कथेची फार तर अर्धी बाजू. शिवाय ज्या भट्टीला अडथळा झाला तिच्यातच अधिक जळण जावयाचे, हा पेच ‘जाळते’ म्हणताच झाकला जातो. ज्वलन वाढले असे म्हणावयाचे तर ते स्वतंत्रपणे मोजावयास हवे. किरणोत्सर्गी कार्बनयुक्त पामिटिक आम्ल देऊन ते मोजता येते. केवळ रंगाचा पुरावा असेल तेथे प्रबंधात ‘साठा घटला’ एवढेच लिहिणे रास्त.

२००४ मधील बहुचर्चित संशोधनात तर दिशाच उलटी आहे. बर्बेरीनमुळे एलडीएल-ग्राहीचा संदेशवाही आरएनए अधिक काळ टिकतो, ग्राहींची संख्या वाढते, आणि यकृतपेशी रक्तातील कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात आत ओढून घेते. येथे पेशीने काही जाळलेले नाही, घेतले आहे.