डोळ्यांवरची पट्टी

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याची आई शाळेच्या फाटकाशी भेटली. सिन्नरमधल्या अनेक बायांप्रमाणे तीही घरी विड्या वळते. हातात रंगीत पत्रक होते. ‘‘सर, इसमें बच्चे का दिमाग खुलता बोलते. फीस भरूं क्या?’’

पत्रक ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे होते. दोन दिवसांच्या शिबिरात मुलाचा ‘झोपलेला’ मध्यमेंदू जागा होईल आणि डोळ्यांना पट्टी बांधून तो वाचू लागेल, असा दावा! वास्तविक मध्यमेंदू झोपलेला नसतोच. डोळ्यांची हालचाल, ऐकणे, जागेपण यांत त्याचा वाटा असतो. मग मुले वाचतात कशी? नाकाच्या कडेला राहिलेल्या फटीतून. विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी हे दाखवून दिले आहे.

पण असे पत्रक ज्या साहित्याच्या जोरावर खपते, त्याचीही समीक्षा व्हायला हवी. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर कथा-कवितांपेक्षा स्वविकासाची पुस्तके अधिक दिसतात. ‘मेंदू हवा तसा घडवता येतो’ हे त्यांचे पालुपद. पुराव्यादाखल लंडनचे टॅक्सीचालक येतात. उदाहरण खरे आहे, पण अर्धेच सांगितलेले. वूलेट आणि मॅग्वायर यांच्या २०११ च्या अभ्यासात ७९ शिकाऊ चालक होते. तीन-चार वर्षे सुमारे २५,००० रस्ते घोकल्यावर त्यांतले ३९ जण परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. मेंदूतला बदल फक्त त्यांच्यात दिसला. शिवाय आकृती आठवण्याच्या एका चाचणीत तेच मागे पडले. बाकीच्यांची गोष्ट या पुस्तकांत का येत नाही? २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर बुद्धीचे खेळ खेळले. त्या खेळांत ते तरबेज झाले. इतर कामांत त्याचा फायदा दिसला नाही.

मेंदू बदलतो, हे मी नाकारत नाही. माझे विद्यार्थी उर्दू उजवीकडून वाचतात, मराठी डावीकडून. ‘ळ’ त्यांच्या जिभेवर बसायला महिनोन्महिने लागतात, पण बसतो. मात्र जे शिकवावे तेच येते, आणि हळूहळू येते.

या साहित्याचा खरा दोष अतिशयोक्ती हा नाही. ‘कुणीही काहीही बनू शकतो’ असे एकदा म्हटले, की जो बनला नाही तो आपोआप गुन्हेगार ठरतो. घरात पुस्तक होते का, अभ्यासाला कोपरा होता का, वर्गाला शिक्षक होता का, हे मग कोणी विचारत नाही. गरिबीचा दोष पोराच्या डोक्यावर जातो. पट्टी खरे तर वाचकाच्या डोळ्यांवर बांधली जाते.

त्या माउलीला म्हणालो, ‘‘फीस मत भरो. रोज आधा घंटा इसको जोर से पढ़ने बिठाओ.’’

ती क्षणभर थांबली. ‘‘बस, इतनाच?’’

तिची निराशा मला समजली. पत्रकाने तिला स्वप्न दिले होते, मी फक्त मेहनत सांगितली. ‘इतनाच’मध्ये किती काय असते, हे पत्रकाइतक्याच सोप्या भाषेत तिच्यापर्यंत पोचवणारे साहित्य आपण अजून लिहिलेले नाही. पत्रके लिहिणारे मात्र थांबलेले नाहीत.